युक्रेनियन कागदांचं इंग्रजी भाषांतर, नागपूर: काम पक्कं, जिना मात्र जीव काढतो

पाचपैकी चार तारे. पाचवा जिन्यानं खाल्ला. तिसरा माळा, लिफ्ट नाही, पायऱ्या अशा उभ्या की माझ्यासारख्या गुडघेवालीनं प्रत्येक वळणावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी. कामात मात्र नाव ठेवायला जागा नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडची पुष्कळ पोरं युक्रेनमधून डॉक्टरकीचे अर्धे-मुर्धे कागद घेऊन परतली आहेत, अन् त्या कागदांचं काय करायचं हे घरात कोणालाच उमगत नाही. दुकानाचं नाव टाकत नाही. भाषांतर करणाऱ्या सरांनीच हात जोडले, "नाव नका टाकू जी ताई, आहे तेच पेलत नाही." युक्रेनला शिकलेल्या कोणत्याही पोराला विचारा, पत्ता मिळेल.

मी दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवते. माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, युक्रेनमधल्या विनित्सिया शहरात एमबीबीएसला होती. 2022 च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं, अन् ऑपरेशन गंगामधून जी साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं भारतात आली, त्यात तीही रोमानियामार्गे आली. पुढे ती दुसऱ्या देशात वर्ग होऊन शिकली. त्या नियमांचं रामायण इथं नको. मुद्दा एवढाच की विनित्सियाच्या वर्षांचा दाखला, विषय, तास, गुण असा सगळा, निव्वळ युक्रेनियन भाषेत आहे आणि इथल्या अर्जाला त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

पहिल्यांदा आम्ही ते भाषांतर तालुक्याच्या ठिकाणी करून घेतलं. कोणत्या दुकानात ते राहू द्या. टायपिंग, झेरॉक्स, पीकविम्याचे फॉर्म, पासपोर्ट फोटो, सगळं एकाच टेबलावर. त्या पोरानं मोबाईल कागदावर धरला, ॲपनं इंग्रजी दाखवलं, त्यानं ते टाइप केलं. पानामागे दीडशे रुपये. स्वस्त वाटलं. ॲपच्या डोक्यावर मूळ भाषेचं नाव येतं, 'युक्रेनियन' म्हणून. त्या भल्या माणसानं तोच शब्द उचलून 'नॅशनॅलिटी'च्या रकान्यात टाकला. अर्ज परत आला. अर्जात भारतीय, पासपोर्टवर भारतीय, भाषांतरात युक्रेनियन. भाऊ शेतातून तसाच माझ्या घरी आला अन् दारातूनच विचारलं, "काऊन वं ताई, आपली पोरगी तिकडचीच झाली का आता?"

तिथून नागपूर. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, दोन्ही एसटीनं. (शकुंतला, आमची जुनी अरुंद रुळांची रेल्वे, चालू असती तरी यवतमाळपर्यंतच नेलं असतं, पण निदान बसायला मिळालं असतं.)

आत गेलं की एक खोली, दोन लोखंडी कपाटं, टेबलावर जाडजूड शब्दकोश, एक प्रिंटर, अन् भिंतीवर जुना नकाशा, ज्यात सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. सर साठीच्या पुढचे. ऐंशीच्या दशकात खार्किवला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. त्यांच्या तोंडातून अजूनही 'खारकोव' निघतं, कागदावर मात्र न चुकता 'खार्किव' लिहितात. पहिलं नाव रशियन वळणाचं, दुसरं युक्रेनियन. "तेव्हा आमच्या कॉलेजात सगळं रशियनमध्ये होतं," म्हणाले, "युक्रेनियन मी नंतर शिकलो, घरमालकिणीकडून." भाचीनं लगेच विचारलं, की मग तुमची घरमालकीण युक्रेनियन होती की रशियन? सर हसले. म्हणाले, "तेच तर सांगायचं आहे. आधी पाणी घ्या, बसा."

आधी त्यांनी मूळ कागद भिंगाखाली धरला. पहिली तपासणी म्हणे भाषेची, कारण लोक रशियन कागद युक्रेनियन म्हणून आणतात अन् युक्रेनियन रशियन म्हणून. लिपी तीच सिरिलिक, पण काही अक्षरं वेगळी. भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी एक अक्षर दाखवलं: इंग्रजी छोट्या 'आय'सारखी उभी दांडी, पण डोक्यावर एकाऐवजी दोन टिंबं. रशियनमध्ये हे अक्षर नाही. युक्रेन देशाचं नाव त्यांच्या लिपीत लिहिलं की त्यातच हे दोन टिंबंवालं अक्षर बसतं. रशियन कागदावर उलट काही अक्षरं अशी सापडतात जी युक्रेनियन वर्णमालेत नाहीत. दोन मिनिटांत मीसुद्धा ओळखायला लागले. शाळेत सहावीच्या पोरांना दाखवलं असतं तर त्यांनी माझ्याआधी ओळखलं असतं.

मग त्यांनी आमचं ते दीडशेवालं भाषांतर घेतलं आणि लाल पेनानं 'युक्रेनियन' शब्द जिथं जिथं आला तिथं गोल केला. पानभर गोलच गोल. एकेका गोलावर त्यांचं बोलणं सुरू झालं, अन् खरं सांगते, वीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मी या एका शब्दाकडे एवढं कधी पाहिलं नव्हतं.

इंग्रजीत हा शब्द विशेषणही आहे आणि नामही. भाषेचं नाव तोच, माणूस तोच (स्त्री असो की पुरुष), अन् 'तिथलं' म्हणायलाही तोच. युक्रेनियन भाषेत मात्र याला वेगवेगळी रूपं आहेत: पुरुष असेल तर 'उक्राईनेत्स', बाई असेल तर 'उक्राईन्का', विशेषणाचं आणखी वेगळं. तिकडची मोठी कवयित्री लेस्या उक्राईन्का (1871-1913), तिनं टोपणनावातच 'युक्रेनियन स्त्री' हा शब्द घेतला. खरं नाव लारिसा कोसाच. इंग्रजीत आलं की हे सगळं एकाच शब्दात कोंबलं जातं, मग तो कोणत्या रकान्यात बसला आहे त्यावरून अर्थ काढायचा. मी म्हटलं, सर, हे तर आमच्या 'वऱ्हाडी'सारखं झालं. बोली वऱ्हाडी, माणूस वऱ्हाडी, अन् लग्नाच्या बसमधून उतरला तो पुण्याचा असला तरी वऱ्हाडीच. सरांनी टेबलावर हात मारला. पुढच्या गिऱ्हाइकाला ते हेच सांगणार, याची मला खात्री आहे.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी 'नॅशनॅलिटी'वर घेतला, अन् ते योग्यच होतं, कारण अर्ज तिथंच अडकला होता. मूळ कागदावर जो शब्द होता त्याचा उच्चार साधारण 'ह्रोमाद्यान्स्त्वो', अर्थ सरळ नागरिकत्व, अन् त्यापुढे स्वच्छ 'भारत' लिहिलेलं होतं. टायपिंगवाल्यानं ते वाचलंच नव्हतं. पण सर म्हणाले, की त्याच्या जागी एखादा बरा माणूस असता तरी गोंधळला असता, कारण तिकडे 'नॅशनॅलिटी'सारखा दिसणारा दुसराही एक शब्द आहे, 'नात्सिओनाल्निस्त', आणि त्याचा अर्थ नागरिकत्व नाही, माणूस कोणत्या समाजाचा, कोणत्या लोकांचा, तो आहे. सोव्हिएत काळात देशांतर्गत पासपोर्टवर हा रकाना असायचा, लोक त्याला 'पाचवा रकाना' म्हणत. नागरिक सगळे सोव्हिएत संघाचे, पण पाचव्या रकान्यात कोणी युक्रेनियन, कोणी रशियन, कोणी ज्यू, कोणी तातार. 1991 मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला, ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वाचा कायदा आला, अन् तेव्हा तिथं राहणाऱ्यांना त्यांचा समाज न विचारता नागरिकत्व दिलं गेलं. आताच्या युक्रेनच्या पासपोर्टवर तो पाचवा रकाना नाही.

म्हणजे आज इंग्रजीत एखाद्याला 'युक्रेनियन' म्हटलं तर दोन गोष्टी असू शकतात: तो त्या देशाचा नागरिक आहे, किंवा तो त्या समाजाचा आहे, मग नागरिक कुठलाही असो. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की क्रिवी रिह शहरातल्या ज्यू कुटुंबातले, लहानपणापासून रशियन बोलणारे, तरी युक्रेनियन. क्रिमियाचे तातार त्यांच्या भाषेनं अन् धर्मानं वेगळे, पण युक्रेनचे नागरिक म्हणून युक्रेनियन. अन् भाषा हे तिसरंच माप. 2001 च्या तिथल्या जनगणनेत सुमारे 77.8 टक्के लोकांनी आपण समाजानं युक्रेनियन असं सांगितलं, पण युक्रेनियन मातृभाषा सांगणारे 67.5 टक्केच. भाचीच्या वसतिगृहाच्या रखवालदार मावशी घरी रशियन बोलायच्या अन् पोरींना दटावायच्या ते युक्रेनियनमध्ये. त्यांना कोणी रशियन म्हटलेलं मात्र खपत नसे. भाचीनं हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "माझी घरमालकीण पण अशीच."

सरांची पद्धत अशी: आजचा कागद असेल अन् मूळ शब्द नागरिकत्वाचा असेल तर 'सिटिझनशिप'च लिहायचं, 'नॅशनॅलिटी' लिहून वाचणाऱ्याला कोड्यात टाकायचं नाही. सोव्हिएत काळातला जन्मदाखला असेल अन् त्यात आई-बापाचा समाज लिहिलेला असेल, तर 'एथ्निक ओरिजिन' लिहून खाली तळटीप द्यायची. हे ते फुकट करत नाहीत, तळटीप मोठी झाली तर पैसे वाढतात. मला ते पटलं.

दुसरा मोठा गोल होता एका विषयाच्या नावावर. परदेशी मुलांना तिथं इंग्रजीतून शिकवतात, पण रुग्णाशी बोलता यावं म्हणून 'परभाषा म्हणून युक्रेनियन' असा विषय असतो. आमच्या टायपिस्टनं त्याचं केलं 'फॉरेन युक्रेनियन'. सर एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. कारण 'परदेशस्थ युक्रेनियन' हा तिकडे खरोखरचा कायदेशीर दर्जा आहे. 2004 मध्ये त्याचा कायदा झाला. जो वंशानं युक्रेनियन आहे पण दुसऱ्या देशाचा नागरिक आहे, अशाला तो दर्जा मिळतो, कॅनडातल्या लोकांसारख्याला. म्हणजे आमच्या भाषांतराप्रमाणे कापूस पिकवणाऱ्या माझ्या भावाची पोरगी विनित्सियात परदेशस्थ युक्रेनियन हा विषय शिकून पास झाली, तेही चांगल्या गुणांनी.

कॅनडावरून सरांची गाडी जरा लांब गेली. (त्यांना बोलायला आवडतं, घाईत असाल तर आधीच सांगा.) पण ते ऐकण्यासारखं होतं. तिकडे 2021 च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकांनी आपलं मूळ युक्रेनियन सांगितलं. त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज 1891 पासून गालिसिया, बुकोविना या भागांतून शेती करायला गेले. हे भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात. त्यामुळे त्यांच्या कागदांवर कुठं 'ऑस्ट्रियन', कुठं 'गालिशियन', कुठं 'रुथेनियन'. युक्रेनियन जवळपास कुठंच नाही. पहिलं महायुद्ध लागलं अन् ऑस्ट्रिया शत्रू झाला, तेव्हा कॅनडानं 'शत्रूचे प्रजाजन' म्हणून 8,579 माणसं छावण्यांत डांबली, त्यात बहुतेक हेच लोक. रशियन साम्राज्याच्या बाजूला तर यांना 'छोटे रशियन' म्हणत. 1897 च्या शिरगणतीत त्यांची भाषा त्याच नावानं नोंदली आहे. 1863 आणि 1876 मध्ये युक्रेनियन छपाईवर बंधनं आणणारे हुकूम निघाले. देशाचं नाव तसं जुनं, जुन्या बखरीत 1187 च्या हकिगतीत 'उक्राईना' सापडतं, पण सगळ्या लोकांचं नाव म्हणून 'युक्रेनियन' रुळायला एकोणिसावं-विसावं शतक उजाडलं. भाऊ हे सगळं मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे रकान्यात चुकीचं लिव्हलं की जेलात बी टाकते."

बाकीचे गोल लहान, पण एकही सोडला नाही त्यांनी. 'युक्रेनियन मिनिस्ट्री ऑफ हेल्थ' खोडून 'मिनिस्ट्री ऑफ हेल्थ ऑफ युक्रेन' केलं, कारण मूळ नावात 'युक्रेनचं' असंच आहे अन् कार्यालयाचं नाव आपल्या सोयीनं वळवायचं नसतं. देशाच्या नावाआधी 'द' लागला होता, तो सगळीकडून काढला. पूर्वी इंग्रजीत तो लावत. स्वतंत्र झाल्यापासून तिथले लोक नको म्हणतात, कारण त्यानं देश नव्हे तर कुठला तरी मुलूख वाटतो. मी शाळेत नद्यांना अन् डोंगररांगांना 'द' लावायला शिकवते, तेव्हा मला हे फोडून सांगावं लागलं नाही. विनित्सियाचं स्पेलिंग एका पानावर रशियन वळणानं 'आय'वालं अन् दुसऱ्या पानावर 'वाय'वालं होतं. युक्रेनच्या मंत्रिमंडळानं 2010 मध्ये युक्रेनियन नावं रोमन लिपीत कशी लिहायची याचा तक्ता ठरवून दिला आहे, सर सगळं त्यानुसार करतात. राजधानी कीव्हचंही तसंच, काही इंग्रजी वृत्तसंस्थांनी 2019 मध्ये नवं, युक्रेनियन वळणाचं स्पेलिंग घेतलं, सरांनी त्याच्या कितीतरी आधीपासून.

माणसाच्या नावाला मात्र तो तक्ता लावत नाहीत, तिथं पासपोर्ट हाच देव. आमच्या आडनावातला 'ह' सिरिलिकमध्ये जाऊन परत येताना 'ख' झाला होता. ॲपनं तोच ठेवलेला. सरांनी पासपोर्टवरून सरळ केला. मधल्या वडिलांच्या नावाला तिकडच्या फॉर्मात रकाना असतोच, त्यामुळे भावाचं नाव तरी आपल्या जागी सुखरूप होतं.

आता व्यवहाराचं. पानामागे सहाशे रुपये, शिक्का, सही आणि 'भाषांतर मूळाबरहुकूम आहे' हे प्रतिज्ञापत्र त्यातच. दीडशेपुढे सहाशे महाग दिसतात, पण अर्ज परत येण्याचा खर्च धरा: दोन जणांचं एसटीचं भाडं, भावाचा शेतातला दिवस, माझी किरकोळ रजा. पक्कं छापण्याआधी मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवतात अन् प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख तुमच्याकडून तपासून घेतात. सांगितल्या दिवशी काम हातात मिळालं. तातडीचं म्हणून जास्त पैसे देतो म्हटलं तर सरळ नाही म्हणतात. यूपीआय चालतं. पावती हातानं लिहून देतात, ऑफिसात चालली.

न आवडलेलं: दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, अन् बाहेरगावच्या माणसाला नेमका तोच वेळ बसमध्ये मोकळा असतो. वेळ ठरवून गेलं तरी आधीच्या गिऱ्हाइकाशी गप्पा चालू असतात. बसायला बाकडं एकच. नोटरी ते करत नाहीत, खाली जाऊन वेगळी करावी लागते. अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, इथं होणारच नाही हे मात्र स्पष्ट सांगतात: ज्या देशानं कागद दिला तिथूनच तो शिक्का यावा लागतो, नागपूरला कोणी करून देतो म्हटलं तर पैसे देऊ नका. याबद्दल खरं तर अर्धा तारा परत द्यायला पाहिजे, पण इथं अर्धा देता येत नाही.

दुरुस्त भाषांतर जोडून अर्ज पुन्हा टाकला, या वेळी त्या रकान्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: मूळ कागद, पासपोर्टची झेरॉक्स आणि आधी कुठं भाषांतर केलं असेल तर तेही घेऊन जा, ते पाहून ते नेमकं काय बिघडलं ते सांगतात अन् त्याचे पैसे घेत नाहीत. फक्त युक्रेनियन आणि रशियनचं इंग्रजी होतं. मराठीत पाहिजे असेल तर दुसरं दुकान शोधा. अकराच्या आत पोचा, अन् म्हाताऱ्या माणसांना वर नेऊ नका, सहीसाठी त्यांची गरज पडत नाही. खाली चहाची टपरी आहे, तिथं बसवा. चहा ठीक आहे, पोहे घेऊ नका.